सरपण फोडण्याची अवजारे

चूल, बंब, शेकोटी इत्यादींसाठी लागणारे जळाऊ लाकूड उभे चिरण्यास जी हत्यारे वापरतात, त्यांना सरपण फोडण्याची अवजारे म्हणतात. कुऱ्हाड, पाचर व घण ही त्यांतील प्रमुख होत. सालीतून ओलावा सावकाश बाहेर पडतो. ओंडका फोडल्यावर आतील भाग उघडा पडून लाकूड लवकर वाळते व जळताना धूर कमी होतो.

तत्त्व

लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने असतात. झाड तोडताना ते आडवे कापावे लागतात, म्हणून त्यासाठी पातळ व तीक्ष्ण पाते उपयुक्त ठरते. फोडताना मात्र तंतू एकमेकांपासून विलग केले जातात. धार केवळ पहिली चीर पाडते. त्यानंतर पात्याच्या जाड होत गेलेल्या बाजू चिरेच्या कडा बाहेर रेटतात व भेग पात्याच्या पुढे सरकते. यामुळेच तोडण्याची पातळ कुऱ्हाड फोडण्यासाठी वापरल्यास लाकडात रुतून बसते.

घावाची ऊर्जा अवजाराच्या वजनाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केल्यास ऊर्जा दुप्पट होते, तर वेग दुप्पट केल्यास चौपट. त्यामुळे न पेलणाऱ्या जड अवजारापेक्षा वेगाने फिरवता येणारे हलके अवजार अनेकदा अधिक परिणामकारक ठरते.

प्रकार

लहान कुऱ्हाड: डोक्याचे वजन साधारण १ किलोग्रॅमपर्यंत. चूल पेटवण्यासाठी बारीक चिरफळ्या काढण्यास उपयुक्त.

फोडण्याची कुऱ्हाड: वजन साधारण १.५ ते २.५ किलोग्रॅम. सरळ तंतूंच्या मध्यम ओंडक्यांसाठी घरगुती वापरात सोयीची.

जड कुऱ्हाड: इंग्रजीत हिला ‘स्प्लिटिंग मॉल’ म्हणतात. वजन साधारण २.५ ते ४ किलोग्रॅम. पाते पाचरीसारखे जाड. मोठ्या ओंडक्यांसाठी योग्य.

पाचर व घण: गाठी किंवा पिळदार तंतू असलेल्या लाकडासाठी. पोलादी पाचर चिरेत बसवून घणाने ठोकतात.

निवड

घरगुती निवडीत ओंडक्याची जाडी, गाठी, ओलावा आणि वापरणाऱ्याची ताकद हे घटक विचारात घेतात. अनेक जातींचे लाकूड ओले असताना सहज फुटते. नीलगिरीसारखे लाकूड वाळल्यावर फोडणे कठीण जाते. सरळ तंतूंच्या लाकडास मध्यम वजनाची कुऱ्हाड पुरते. गाठाळ लाकडासाठी अधिक जड कुऱ्हाड घेण्यापेक्षा पाचर व घण यांची जोडी सोयीची असते.

दांड्याची लांबीही महत्त्वाची असते. लांब दांड्याने वेग वाढतो व घाव चुकल्यास पाते बहुधा पायापुढे जमिनीत जाते. आखूड दांडा दोन्ही हातांनी जोरात फिरवल्यास चुकलेला घाव नडगीवर येण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात दांड्यासाठी बाभूळ व धामण, तर उत्तर अमेरिकेत हिकरीचे लाकूड वापरले जाते. दांड्याचे तंतू त्याच्या लांबीला समांतर नसल्यास तो तिरका मोडतो.

सुरक्षितता

फोडायचा ओंडका जाड लाकडी ठोकळ्यावर उभा ठेवतात; दगडावर किंवा फरशीवर फोडल्यास धार बोथट होते व कपचे उडतात. दांडा डोक्यात घट्ट बसला आहे याची खात्री प्रत्येक वापरापूर्वी करणे आवश्यक असते, कारण सैल डोके निसटून इजा होऊ शकते. पातळ कुऱ्हाडीची मागची बाजू घणासारखी वापरल्यास तिचे नेढे फाकते. वारंवार ठोकल्याने पाचरीच्या डोक्याच्या पसरलेल्या कडा कानशीने घासून काढाव्या लागतात, अन्यथा त्यांचे तुकडे वेगाने उडतात. डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा व पायांत मजबूत बूट वापरणे आणि इतरांना घावाच्या टप्प्याबाहेर ठेवणे आवश्यक मानले जाते.