हात आखडतां

फुमिहिको सोरी यांचा ‘पिंग पाँग’ हा जपानी चित्रपट २००२ सालीं निघाला. ताइयो मात्सुमोतो यांच्या १९९६-९७ सालच्या चित्रकथेवरून तो घेतला आहे. पुष्कळ ठिकाणीं नट नुसतीच बॅट फिरवितात व चेंडू संगणकानें मागाहून घातलेला आहे, हें कळल्यावर आम्ही क्षणभर खट्टू झालों; पण खेळ मुळीं चेंडूचा नव्हेच.

त्सुकिमोतो हा मुलगा कधीं हसत नाहीं, म्हणून बालमित्र होशिनो यानें त्याचें नांव ‘स्माइल’ ठेविलें! प्रतिपक्षी खचूं लागला कीं याचा हात आखडतो. त्याचे वृद्ध गुरु कोइझुमी यांनाही तरुणपणीं प्रतिस्पर्ध्याच्या दुखऱ्या गुडघ्याचा फायदा घेववला नव्हता, ते हरले. साकुमा मात्र अहोरात्र खपतो, तरी त्सुकिमोतोपुढें टिकत नाहीं. आपणच कां नव्हे, असें तो विचारतो. तुझ्या अंगीं तो गुणच नाहीं, असें उत्तर त्यास मिळतें. प्रथम आम्हांस तें क्रूर वाटलें. पण अनुकंपेनें सोडलेला गुण त्याच्या कष्टांची किंमत ठरविता काय?

एका कच्च्या विद्यार्थ्यास आम्हीं संस्कृतांत पांच गुण दयेनें वाढवून दिले होते. उत्तरपत्रिका हातीं पडतांच त्यानें बेरीज केली आणि भर वर्गांत उभा राहून म्हणाला, “गुरुजी, पांच जास्त झाले आहेत.” आम्हीं ते खोडले. तो नापास झाला, आणि पुढील वर्षीं पहिल्या बाकावर येऊन बसला.