जर्नल फुल्ल, प्रॅक्टिकल गुल!

जानेवारी उजाडला की बारावी सायन्सच्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, 'केमिस्ट्रीचं जर्नल कुणाचं कम्प्लीट आहे? फोटो टाका ना प्लीज!' मग काय, एका रात्रीत अख्ख्या बॅचची रीडिंग्ज सेम टू सेम! ब्युरेटला हात न लावताही जर्नलवर सही मिळते.

यामागचं गणित साधं आहे. बोर्डाची लेखी परीक्षा 70 मार्कांची, प्रॅक्टिकल 30 मार्कांचं आणि ते मार्क 'मिळतातच' असा सगळ्यांचा समज. जेईई, नीट, सीईटीला तर गोल काळे करायचे किंवा माऊस क्लिक करायचा. मग लॅबमध्ये दोन तास कशाला घालवायचे?

पण थांबा. जेईई मेन आणि नीट, दोन्हींच्या सिलॅबसमध्ये प्रॅक्टिकल केमिस्ट्रीवर वेगळं युनिट आहे. टायट्रेशन, सॉल्ट अॅनालिसिस सगळं त्यात येतं. म्हणजे जे टाळलं, तेच पेपरात समोर!

ऑक्झॅलिक अॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशनच घ्या. अॅसिड साधारण 60-70 अंशांपर्यंत गरम करायचं, कारण गार असताना रिअॅक्शन रेंगाळते. सुरुवातीला टाकलेल्या परमँगनेटचा गुलाबी रंग जायला वेळ लागतो. नंतरचे थेंब मात्र पटापट विरघळून रंगहीन होतात. का? रिअॅक्शनमध्ये तयार झालेला मँगनीज आयनच कॅटॅलिस्टचं काम करू लागतो. कायनेटिक्सच्या चॅप्टरमधली 'ऑटोकॅटॅलिसिस' ही डेफिनिशन चार वेळा पाठ करून विसरते. फ्लास्कमध्ये एकदा पाहिली की डोक्यात बसते. आणि यात हायड्रोक्लोरिक अॅसिड का चालत नाही? परमँगनेट त्याच्यातून क्लोरीन बाहेर काढतं, रीडिंगच चुकतं. व्हायवाचा हा ठरलेला प्रश्न एमसीक्यू म्हणूनही सहज येऊ शकतो.

सॉल्ट अॅनालिसिसही तसंच. लेड आयोडाइडचा पिवळा साका गरम पाण्यात विरघळवा आणि सावकाश गार होऊ द्या. टेस्ट ट्यूबमध्ये सोनेरी चकाकणारे कण तरंगू लागतात. बेरियमची ज्योत पोपटी, कॅल्शियमची विटकरी. हे एकदा पाहिलेल्याला तक्ता घोकावा लागत नाही.

आंतरराष्ट्रीय केमिस्ट्री ऑलिम्पियाडमध्ये 40 टक्के मार्क प्रॅक्टिकलला असतात आणि ती परीक्षा अकरावी-बारावीच्याच वयाची मुलं देतात. भारताची टीम निवडताना मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या कॅम्पमध्येही लॅबचं काम कसून करून घेतात. टॉपचे विद्यार्थी लॅब टाळत नाहीत, हे लक्षात घ्या.

मग करायचं काय? रोज लॅबमध्ये बसा असं कुणी म्हणत नाही. पण प्रत्येक प्रयोग एकदा तरी स्वतःच्या हाताने करा. तीन रीडिंग्ज जुळेपर्यंत सोडू नका. रीडिंग चुकलं तर खोडू नका, बाजूला कारण लिहा. तुमच्या कॉलेजमध्ये प्रॅक्टिकल होतच नसतील, तर चार-पाच जण मिळून सरांना किंवा मॅडमना भेटा आणि वेळ मागून घ्या. लॅब फी तर तुमच्या घरच्यांनी भरलेलीच आहे! फक्त हे उद्योग घरी नकोत. गॉगल, अॅप्रन आणि शिक्षक समोर असतानाच.