पाटी कंपनीची, काम हेरांचे

ठाण्यातला मानपाडा असो की डोंबिवलीचा मानपाडा रोड, 'परदेशात नोकरी', 'व्हिसा मिळेल' अशा पाट्या आपल्याला रोज दिसतात. सगळेच धंदे खोटे नसतात. पण मुंबईत अशाच एका पाटीमागे काय चालले होते, हे आपल्या तरुणांनी समजून घ्यायला हवे.

२००६ मध्ये ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये 'फर्स्ट वर्ल्ड' हे इमिग्रेशन सल्ल्याचे कार्यालय सुरू झाले. ते चालवणारा डेव्हिड हेडली, मूळ नाव दाऊद गिलानी, हेरॉइन तस्करीत १९८८ आणि १९९७ असा दोनदा पकडला गेला होता. शिक्षा कमी व्हावी म्हणून तो अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा, म्हणजे डीईएचा, खबऱ्या झाला. पुढे त्याने लष्कर-ए-तैयबाचे प्रशिक्षण घेतले. आयएसआयच्या 'मेजर इक्बाल'ने मुंबईच्या कामासाठी सुमारे २५ हजार डॉलर दिले, असे त्याने कबूल केले. पाकिस्तान सरकार आयएसआयचा सहभाग नाकारते.

हे कार्यालय अमली पदार्थ विकत नव्हते. त्याचे काम आड देण्याचे होते. कंपनी असली की वारंवार येण्याला कारण मिळते, लोकांना भेटता येते, पैसे मागवता येतात. त्याच आडून हेडलीने हल्ल्याच्या जागांचे चित्रीकरण केले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली.

हा प्रकार फक्त एका देशाचा नाही. अमेरिकी सिनेटच्या केरी समितीने १९८९ मध्ये सांगितले की, निकाराग्वातील काँट्रा बंडखोरांना मदत पोहोचवण्यासाठी तिथल्या परराष्ट्र खात्याने तस्करांच्या चार कंपन्यांना आठ लाखांहून अधिक डॉलर दिले. मुंबईत शाखा असलेल्या बीसीसीआय बँकेने १९९० मध्ये कोकेनचा पैसा धुतल्याचा गुन्हा अमेरिकेत कबूल केला. त्याच बँकेत आपली खाती होती, हे सीआयएने १९९१ मध्ये मान्य केले.

यंत्रणांना तस्कर का लागतो? त्याच्याकडे चोरवाटा, खोटी कागदपत्रे आणि हिशेबाबाहेरची रोकड असते. बदल्यात त्याला संरक्षण मिळते. पकडला गेला तरी त्याच्याकडे विकायला माहिती असते. हेडलीने गुन्हा कबूल करताना फाशी नाही आणि भारताच्या ताब्यात देणे नाही, असा करार करून घेतला. २०१३ मध्ये त्याला अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या वस्तीतल्या पोराकडे विकायला काय असते? फक्त नाव. माझ्याकडे एक तरुण कागद घेऊन आला होता. कंपनीचा डायरेक्टर व्हायचे, काम काही नाही, दरमहा पैसे मिळणार. कंपनी काय करते, हे त्याला ठाऊक नव्हते.

इथे कायदा कडक आहे. एनडीपीएस कायदा १९८५ च्या कलम २७अ खाली तस्करीला पैसा पुरवल्यास १० ते २० वर्षे शिक्षा आहे आणि जामीन फार अवघड आहे. कलम ३५ प्रमाणे आरोपीचा हेतू आणि माहिती न्यायालय गृहीत धरते. 'मला माहीत नव्हते' हे त्यालाच सिद्ध करावे लागते.

म्हणून मित्रांनो, आधार, पॅन, सिमकार्ड किंवा बँक खाते कुणालाही वापरायला देऊ नका. न वाचता सही करू नका. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासा. कंपनीचे संचालक कोण आहेत, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. सही आधीच झाली असेल तर लपवू नका, लगेच वकिलाला गाठा. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मोठ्यांना सौदा करता येतो. आपल्या पोरांना नाही. म्हणून सही करण्याआधी विचारा: ही कंपनी नेमके काय करते आणि पैसा कुणाचा आहे?