दवाखान्याच्या पिशवीतला मोबाईल



घरातलं कुणी दवाखान्यात ॲडमिट होणार असलं, की आपण पिशवी भरतो. रिपोर्ट, आधार कार्ड, टॉवेल, पाण्याची बाटली आणि चार्जर. या पिशवीतला मोबाईल पेशंटच्या मनालाही आधार देऊ शकतो, हे आम्हाला गेल्या वर्षी कळलं.

आमच्या गटातल्या एका ताईंचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. आम्ही आळीपाळीनं सोबतीला राहिलो. टाके चांगले होते, पण ताई रात्र रात्र जाग्या असायच्या, जेवण तसंच परत जायचं. "दुखतंय का?" असं सगळे विचारायचे. "मनाला कसं वाटतंय?" हे आम्हीसुद्धा चार दिवस विचारलं नाही. विचारलं तेव्हा त्या रडल्या. म्हणाल्या, "आता मी कुणाच्या कामाची राहिले नाही."

आम्ही नर्सबाईंना सांगितलं. त्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि आम्हाला एक नंबर दिला: 14416.

ही सरकारची टेली-मानस सेवा. 10 ऑक्टोबर 2022 ला ती सुरू झाली. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. साधा बटणाचा फोनही चालतो. आधी समुपदेशक बोलतात, गरज असली तर मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात. 2024 पासून टेली-मानसचं ॲपही आहे.

मोबाईलचे आणखी उपयोग आम्ही करून पाहिले. घरच्यांचे, नातवंडांचे आवाज व्हॉट्सॲपवर मागवले. ताईंनी ते कितीदा तरी ऐकले. रोज तीन गोष्टी मोबाईलमध्ये नोंदवल्या: झोप किती, जेवण किती, मन कसं. राउंडला डॉक्टर आले की हीच नोंद दाखवली. मन शांत करण्यासाठी सावकाश श्वास घ्यायला शिकवणारी ॲप असतात. पण पोटाचे टाके असतील किंवा छातीचा त्रास असेल, तर आधी नर्सबाईंना विचारा. आणि ऐकताना हेडफोन लावा, शेजारच्या खाटेवरही पेशंट आहे.

आता सावध राहायच्या गोष्टी. मन बरं करतो म्हणून पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती मागणारं ॲप लगेच काढून टाका. पेशंटचे फोटो, रिपोर्ट गावच्या ग्रुपवर टाकू नका. ॲप सांगतं म्हणून चालू गोळी बंद करू नका.

दोन वेळा मोबाईल बाजूला ठेवून थेट नर्सबाईंकडे धावायचं. पेशंट "जगावंसं वाटत नाही" म्हणाला तर, आणि त्याला एकटं सोडायचं नाही. दुसरं, म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, माणसं ओळखेना झालं तर. ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका. ते शरीरातल्या बिघाडाचंही लक्षण असतं.

आणि सोबतीला बसणाऱ्या बाईचं काय? तीही जागते, तीही घाबरते. 14416 तिच्यासाठीही आहे.

ताई त्या दिवशी वऱ्हांड्यात बसून बराच वेळ फोनवर बोलल्या. नंतर म्हणाल्या, "मधे न बोलता कुणीतरी ऐकलं गं." उपचार पुढेही चालू राहिले, पण त्या रात्री त्या जेवल्या.

येत्या बैठकीत बचतीच्या वहीच्या पहिल्या पानावर हा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. आणि दवाखान्यात भेटायला गेलात, तर दुखण्याबरोबर मनाचंही विचारा.