बोडक्या मानेचा कोंबडा घेताना गळ्याखाली पाहा

वैशाखाच्या उन्हात खुराड्यातील अंडी कमी होतात, हे परसात कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या भगिनींना सांगायला नको. खाणे सुटते, कोंबड्या दिवसभर चोच उघडून सावलीत धापा टाकीत बसतात आणि एखाद्या दुपारी अंड्यावर आलेली चांगली तलंग मरून पडलेली दिसते. शिवणकाम, सुतारकाम, हातगाडी यांवर चालणाऱ्या घरांत दहा-बारा कोंबड्यांची मिळकत म्हणजे बाईच्या हातचा पैसा. मुलांची वह्या-पुस्तके आणि अचानक आलेल्या पाहुण्याचे जेवण त्यातूनच निघते. उन्हात टिकेल अशी कोंबडी कोणती, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. बोडक्या मानेची कोंबडी हे त्याचे एक चांगले उत्तर आहे. मात्र ती घेताना लोक फसतात. आम्हीही फसलो आहोत, म्हणून हा लेख.

हिच्या मानेवर जन्मापासूनच पिसे नसतात. आपल्या देशात केरळातील तिरुवनंतपुरमचा परिसर हे तिचे माहेर मानले जाते. युरोपात ती ट्रान्सिल्व्हेनियाच्या, म्हणजे आजच्या रुमानियातील एका प्रांताच्या, नावाने ओळखली जाते. फ्रान्समध्ये 'लाबेल रूज' या सरकारमान्य शिक्क्याने चढ्या भावात विकल्या जाणाऱ्या, मोकळ्यावर वाढवलेल्या आणि ८१ दिवसांच्या आत न कापल्या जाणाऱ्या कोंबड्यांत बोडक्या मानेच्या पुष्कळ असतात. तेव्हा ही काही हलकी जात नव्हे. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिने देशी बोडक्या मानेच्या कोंबडीचा संकर करून परसातील पालनासाठी 'हितकारी' हा वाण काढला आहे.

उन्हात ती का टिकते, हे समजायला सोपे आहे. कोंबडीला घाम येत नाही. अंगातील उष्णता धापा टाकून आणि उघड्या कातडीतून बाहेर जाते. हिची मान उघडी असतेच, शिवाय छाती आणि मांड्यांवरही पिसे विरळ असतात. म्हणून पारा तिशीच्या वर गेला तरी ती इतरांपेक्षा बरे खाते, आणि खाते म्हणून वाढते व अंडी देते. थंडीत मात्र हिशेब उलटा होतो. अंग गरम ठेवण्यासाठी ती जास्त दाणा खाते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जाणाऱ्या चंद्रपुरात तिचा जितका उपयोग, तितका महाबळेश्वरात नाही.

आता मुख्य गोष्ट. बोडकेपणा एका जनुकाने येतो. ते बाप आणि आई दोघांकडून मिळाले असेल तर त्या पक्ष्याला आपण 'दुहेरी' म्हणू. एकाकडूनच मिळाले असेल तर 'एकेरी'. दोघांचीही मान बोडकीच दिसते, पण फरक गळ्याखाली असतो. एकेरी पक्ष्याच्या मानेच्या पुढच्या बाजूस, छातीच्या जरा वर, पिसांचा एक झुपका असतो. दुहेरीची मान जवळजवळ साफ असते. फार तर दोन-चार बारीक पिसे सापडतील. दुहेरीच्या अंगावर नेहमीपेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास पिसे कमी असतात. एकेरीच्या अंगावर २० ते ३० टक्के कमी.

आमची फसगत इथेच झाली. मराठवाड्यातील एका आठवडी बाजारात आम्ही एक देखणा कोंबडा घेतला. विकणाऱ्याने "अस्सल आहे, सगळी पिल्ले अशीच निघतील" असे शपथेवर सांगितले आणि अस्सलचा म्हणून भाव लावला. गळ्याखाली लिंबाएवढा झुपका होता. आम्हाला तो शोभेचा वाटला! तीन खुडूक कोंबड्या बसवल्या. तेवीस पिल्ले निघाली. त्यांतली बारा बोडक्या मानेची आणि अकरा पिसांची. पुढच्या बाजारी विकणाऱ्याकडे गेलो तर म्हणाला, "तुमच्या कोंबड्यांत दोष आहे." दोष कोंबड्यांत नव्हता. एकेरी कोंबडा साध्या कोंबड्यांवर सोडला की पिल्ले निम्मी-निम्मीच निघायची. दुहेरी असता तर सगळी तेवीस बोडकी निघाली असती.

म्हणून सौदा करताना आधी गळ्याखाली बोट फिरवून पाहावे. संशय राहिला तर पिसांच्या मानेच्या कोंबड्यांवर तो सोडून पिल्ले पाहावीत. पिल्लाची मान अंड्यातून बाहेर येताच कळते, वाट पाहावी लागत नाही. पिसांच्या मानेचे एक जरी पिल्लू निघाले तरी कोंबडा एकेरी. ओळीने आठ पिल्ले बोडकी निघाली तर तो एकेरी असण्याची शक्यता २५६ त एक, इतकीच उरते. मात्र ही परीक्षा घेताना एक पथ्य आहे. कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचे बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहते. जुना कोंबडा परसातून काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी घरात खावीत, त्यानंतरची बसवावीत. नाहीतर जुन्याची पिल्ले नव्याच्या नावावर लागतील.

आणखी एक फसवणूक चालते. टोचून टोचून मान उघडी झालेली साधी कोंबडी बोडक्या मानेची म्हणून विकतात. तिच्या मानेवर नव्या पिसांचे खुंट टोचतात आणि दीड-दोन महिन्यांत मान भरून येते. खऱ्या बोडक्या मानेवर पिसांची मुळेच नसतात. अंड्यात पिल्लू घडत असतानाच मानेच्या कातडीत ती धरत नाहीत. त्याचे नेमके कारण एडिनबर्गच्या रॉस्लिन संस्थेतील संशोधकांनी २०११ साली शोधून काढले.

आमचे मत असे की, घरगुती पाळणाऱ्याने सगळा कळप दुहेरी करण्याच्या मागे लागू नये. दुहेरीची अंडी उबवताना पिल्ले कमी निघतात, असे अनेक ठिकाणच्या पाहणीत आढळले आहे. आपल्या देशी कोंबड्या तशाच ठेवाव्यात आणि आठ-दहा कोंबड्यांमागे एक दुहेरी कोंबडा सोडावा. सगळी पिल्ले एकेरी निघतात आणि उन्हाळ्यापुरते तेवढे पुरते. कोंबडा वर्षाने बदलावा, कारण पुढच्या वर्षी त्याच्याच लेकी त्याच्यापुढे येतात. दुहेरी कोंबडा घरी तयार करायचा असेल तर आपल्या एकेरी तलंगांवर दुसऱ्या घरचा, दुसऱ्या बापाचा एकेरी कोंबडा सोडावा. चार पिल्लांत सरासरी एक दुहेरी निघते. ते झुपक्यावरून निवडून ठेवावे. चारांतले एक पिसांचेही निघेल. त्याच्यात बोडकेपणा लपलेला नसतो, तेव्हा पैदाशीला न ठेवता मांसासाठी वाढवावे. मोहल्ल्यातील तीन-चार घरांनी कोंबड्यांची अदलाबदल ठरवून घेतली तर कोणालाच बाजारात हात पोळून घ्यावा लागणार नाही.

पिल्लांना पहिले काही आठवडे ऊब जास्त लागते. पौषाच्या थंडीत अंडी बसवू नयेत. देवी रोगाचे फोड पिसे नसलेल्या कातडीवर उठतात आणि हा रोग डासांमार्फत पसरतो. हिची उघडी कातडी जास्त, म्हणून मानमोडीच्या लसीबरोबर देवीची लसही चुकवू नये. सावली आणि गार पाणी हिलाही लागतेच.

विक्रीचे पाहू. रंगरूपामुळे हिला लोक 'गिधाड' म्हणतात, रोगट समजतात आणि जिवंत कोंबडीचा भाव पाडून मागतात. तोलून जिवंत विकणाऱ्याला कमी पिसांचा काहीच लाभ नाही. लाभ आहे तो कापून, साफ करून विकणाऱ्या आमच्या चिकनवाल्या बांधवांना. पिसे काढायला वेळ कमी लागतो आणि त्याच वजनात मांस थोडे जास्त निघते. शंभर किलोमागे किलो-दीड किलो धरा. साफ केल्यावर मान तुकड्यात जाते, गिऱ्हाईक रंगरूप विचारत नाही. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने जवळच्या पाच-सहा घरांशी बोलून ठेवले आहे. नर पिल्ले पाच महिन्यांची झाली की तो देशी कोंबड्याच्याच भावाने उचलतो, आणि पैसे त्याच दिवशी देतो. आमच्या त्या झुपकेवाल्या कोंबड्याची गिऱ्हाइकी शेवटी त्यानेच केली.