काचेवरचं आभाळ

आमच्या आजीचा एकच फोटो आहे. कोकणातल्या घरी, माजघराच्या भिंतीवर, काळ्या लाकडी चौकटीत. गेल्या दिवाळीत आत्या म्हणाली, "सगळ्यांच्या हातात मेले मोबाइल आहेत. मग आईचा एक नीट फोटो काढून सगळ्या नातवंडांना पाठवायला काय होतं रे?"

काय होणार! दोन मिनिटांचं काम, असं म्हणत मी उठलो. फोटो काढला, तर समोरच्या दाराचा उजेड नेमका आजीच्या कपाळावर. तसबीर उतरवून ओटीवर नेली. आता दाराऐवजी अख्खं आभाळच काचेवर उतरलं. चौकट खोलावी म्हटलं, तर आत्यानं हात धरला. इतक्या पावसाळ्यांची ओल खाऊन कागद काचेला चिकटला होता. "काच ओढलीस तर आई काचेबरोबरच जाईल," ती म्हणाली.

संगणकावर नंतर दुरुस्त करू, असं भाच्यानं सुचवलं. पण चकाकीखालचं जे टिपलंच गेलं नाही, ते परत आणणार कुठून? संगणक अंदाजानं एक कपाळ रंगवून देईल, पण ते आजीचं नसेल. चकाकी अडवायची ती कॅमेऱ्याच्या दारातच.

त्यासाठी एक साधी वस्तू मिळते: पोलरायझिंग फिल्टर. फिकट काळसर गोल काच, लेन्सपुढं बसवून फिरवता येणारी. तिचं काम समजायला फार शास्त्र लागत नाही. प्रकाश ही लहर आहे आणि सूर्याच्या प्रकाशाची थरथर सगळ्या दिशांनी असते. काच, पाणी, पानाची तुकतुकीत पाठ यांवरून तो तिरका उसळला, की त्यात एकाच दिशेची थरथर प्रामुख्यानं उरते. यालाच प्रकाशाचं ध्रुवीकरण म्हणतात. खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी ओवून वरखाली हलवली तर लहर पलीकडं जाते, आडवी हलवली तर गजांवर अडते. फिल्टरचं तसंच. तो फिरवत गेलं, की एका जागी चकाकीची थरथर अडते आणि बाकीचा प्रकाश आत येतो.

हे प्रथम ध्यानात आलं ते पॅरिसमध्ये, १८०८ साली. एतिएन मालूस हा फ्रेंच शास्त्रज्ञ लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचा मावळतीचा उजेड कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला, तशी ती झळाळी कमी-जास्त होऊ लागली. पुढं १९२९ मध्ये एडविन लँड या अमेरिकन तरुणानं कोयनेल आणि आयोडीन यांच्या संयोगातून होणारे सूक्ष्म स्फटिक एका पातळ पापुद्र्यात एका दिशेनं बसवले आणि महागड्या स्फटिकांचं काम स्वस्तात होऊ लागलं.

या गोष्टीतला एक धागा थेट आपल्या मुंबई बंदराला येऊन मिळतो. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' बोटीनं इंग्लंडहून परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांच्यापाशी कॅल्साइटचाच एक छोटा लोलक होता. त्यातून योग्य कोनात पाहत त्यांनी पाण्यावरचं आभाळ पुसून टाकलं. समुद्र फिका पडला नाही, उलट अधिकच निळा दिसला! तो रंग पाण्याचा स्वतःचा होता. बोट मुंबईला लागली, तेव्हा सप्टेंबरात, त्यांनी 'नेचर'ला तसं पत्र धाडलं. प्रकाशाच्या विखुरण्याचा हाच ध्यास पुढं १९२८ चा शोध आणि १९३० चं नोबेल यांपर्यंत गेला.

'योग्य कोनात' हे शब्द महत्त्वाचे. मी मित्राचा फिल्टर आणला, आट्यांची बाजू मोबाइलकडं ठेवून लेन्सपुढं धरला, तसबिरीसमोर उभा राहून गरगर फिरवला. चकाकी जागची हलली नाही. समोरून पाहिलं, तर फिल्टर हतबल असतो. पाण्याशी सुमारे ३७ आणि काचेशी ३४ अंशांचा कोन करून पाहिलं, की तो सर्वांत प्रभावी. मग बाजूला सरकलो. तिथं पलीकडच्या खिडकीचा उजेड काचेवर होताच. फिल्टर हळूहळू फिरवला आणि तो उजेड विरघळला. आत आजी होती. फोटो तिरका, अरुंद आला, पण सपाट कागदाचा फोटो मोबाइलवर ताणून सरळ करता येतो. आजीची नथही स्पष्ट दिसली.

तुम्हीही करून पाहा. पावसानं धुतलेली पानं खरी हिरवी दिसतील, ओढ्याच्या तळाचे गोटे दिसतील. निळं आभाळ गडद हवं असेल, तर तर्जनी सूर्याकडं धरा. ताठ अंगठा फिरेल त्या पट्ट्यात परिणाम अधिक. आजचे कॅमेरे आपोआप फोकस साधतात, त्यांना 'सर्क्युलर' प्रकारचा फिल्टर मागावा. मात्र स्टीलच्या तांब्याची चमक यानं जात नाही. उघड्या धातूपुढं त्याचं चालत नाही. शिवाय तो निम्म्याहून अधिक प्रकाश गिळतो. म्हणून घरात फोटो काढताना हात स्टुलावर टेकवावा.

संध्याकाळी आत्याच्या हातात मोबाइल दिला. वर ट्यूबलाइट होती, तिची पांढरी रेघ पडद्यावर पडलेली. आत्यानं काही न बोलता मोबाइल थोडा कलता केला, मान जराशी वळवली आणि बराच वेळ आईकडं पाहत राहिली.