अडते, हमाल आणि शेतकरी : बाजार समितीतील सत्तेचा विचार

ज्या आवारात आपण माल उतरवितो त्या आवारावर सत्ता कोणाची, हा प्रश्न शेतकरी बंधू सहसा विचारीत नाहीत. भाव काय निघाला, पट्टी किती आली, गाडी केव्हा मोकळी झाली, एवढे पाहून ते घराची वाट धरतात. परंतु या तिन्ही गोष्टी पुष्कळ अंशी त्या सत्तेवरच अवलंबून असतात. यास्तव बाजार समितीच्या कारभारावर व्यापारी मंडळी व हमालांच्या संघटना आपापले वजन कसे पाडतात, आणि त्या ओढाताणीत शेतकरी कोठे उभा असतो, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहू. आपल्याकडील नियंत्रित बाजाराचा आरंभ वऱ्हाडात झाला. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा बाजार सरकारी हुकुमाखाली आला व १८९७ साली वऱ्हाडाकरिता कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. त्या बाजारांच्या समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचे होते. माल पिकविणारा नावापुरताही नव्हता म्हटले तरी चालेल. पुढे मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला, १९२८ साली शेतकी रॉयल कमिशनने असे बाजार सर्वत्र व्हावेत अशी शिफारस केली, आणि १९३९ साली सर्व शेतमालास लागू होणारा कायदा आला. आज महाराष्ट्रात चालतो तो १९६३ चा. या क्रमात उत्पादकाच्या जागा वाढत गेल्या, आणि २०२३ साली निवडणुका झाल्या तेव्हा बहुतेक समित्यांवर निवडून द्यावयाच्या १८ जागांची वाटणी अशी होती : सेवा सोसायट्यांच्या मतदारसंघातून ११, ग्रामपंचायतींच्या मतदारसंघातून ४, व्यापारी व अडते यांच्या २, आणि हमाल-मापाडी यांची १.

म्हणजे अठरांत पंधरा शेतकऱ्यांचे. कागदावर पाहता सत्ता आपलीच आहे. मग अडत्याच्या ओट्यावर हात जोडून उभे राहण्याची पाळी आपल्यावर का येते?

याचे पहिले कारण मतदारयादीत सापडते. आमचे उभे आयुष्य याद्या व दाखले लिहिण्यात गेले. त्यामुळे कोणतीही निवडणूक निघाली की आम्ही अगोदर यादी पाहतो, उमेदवार मागाहून. समितीवर पंधरा शेतकरी बसतात खरे, परंतु त्यांना निवडून देतो तो माल विकणारा शेतकरी नव्हे. सोसायटीच्या जागांसाठी मत असते ते सोसायटीच्या संचालकांना, व ग्रामपंचायतीच्या जागांसाठी पंचायतीच्या सदस्यांना. एखाद्या गावी चारशे खातेदार असतील, तर सोसायटीचे बारा-तेरा संचालक व पंचायतीचे सात ते सतरा सदस्य एवढ्यांनाच बाजार समितीचे मत. तालुक्यात शंभर सोसायट्या धरल्या, तर त्या मतदारसंघात मतदार सुमारे तेराशे होतात. तेराशे माणसांची नावे, गावे, सोयरीक व अडचणी एका वहीत मावतात. ती वही ज्यांच्यापाशी असते त्यांत तालुक्याचे पुढारी असतात, आणि पुढाऱ्यांच्या मागे पुष्कळदा व्यापारी असतात.

व्यापाऱ्याला समितीवर दोनच जागा मिळतात; पण त्याला अधिकांची गरजही नसते. शेतकऱ्यास बी-बियाण्याकरिता, लग्नकार्याकरिता उचल देणारा तोच. पॅनेल उभे राहिले म्हणजे गाड्या, जेवणावळी, छपाई यांचा खर्च कोठून येतो हेही गावास ठाऊक असते. कायदा म्हणतो, व्यापाराचा धंदा करणारा इसम शेतकऱ्यांच्या जागेवर उभा राहू शकत नाही. परंतु परवाना एकाच्या नावे व सातबारा दुसऱ्याच्या नावे, असे एकाच घरात असण्यास कोणती आडकाठी? उताऱ्यावर नाव असले की तो खातेदार. तो कोणाच्या पेढीवर बसतो, हे उताऱ्यात लिहीत नाहीत. शिवाय समिती ही आमदारकीची पहिली पायरी समजली जाते. तेथील निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाही, तरी एप्रिल २०२३ मध्ये राज्यातील दोनशेंहून अधिक समित्यांच्या निवडणुका झाल्या, त्या वेळी कोणत्या पक्षाकडे किती समित्या गेल्या याचाच हिशेब वर्तमानपत्रांनी छापला.

आता दुसरा पक्ष, हमालांचा. याविषयी आपल्या लोकांत बरेच गैरसमज आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शंभर किलोंचे पोते पाठीवर घेऊन दिवसभर फळीवरून चढणाऱ्या माणसाला एकेकाळी ना ठरीव मजुरी होती, ना रजा, ना म्हातारपणाची सोय. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५०-६० च्या दशकात हमाल पंचायत उभारली; ते पुढे तेथील महानगरपालिकेच्या राजकारणातही उतरले व नगरसेवक झाले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना एकत्र केले. ते सातारा जिल्ह्याचे. त्यांचे अनुयायीही पुष्कळसे सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावचे. म्हणजे ज्याला आपण हमाल म्हणतो तो अनेकदा आपल्यासारखाच शेतकरी, फक्त त्याच्या जमिनीने त्याला पोसले नाही. या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याअन्वये मालक, कामगार व सरकार यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरी व तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळाने मजुरी कामगारास द्यावयाची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधपाणी यांची तरतूद करावयाची. असंघटित मजुरांसाठी इतकी पक्की व्यवस्था देशात त्या काळी क्वचितच होती, आणि ती हमालांनी दान म्हणून मिळविली नाही, लढून मिळविली.

या संघटनेचे राजकीय वजन तिच्या एका जागेत मोजता येत नाही. अण्णासाहेब पाटील विधान परिषदेचे सदस्य झाले. त्यांच्यानंतरही माथाडींचे पुढारी विधिमंडळात गेले, एक तर मंत्रीही झाले. त्यांच्या जयंतीस, २५ सप्टेंबरला, नवी मुंबईत माथाडींचा मेळावा भरतो, तेव्हा कोणत्याही पक्षाचे मोठे पुढारी व्यासपीठावर दिसतात. मुंबई बाजार समितीच्या २०२० च्या निवडणुकीतही कामगारांची जागा एकच होती, व्यापाऱ्यांच्या पाच व सहा महसुली विभागांतील शेतकऱ्यांच्या बारा. पण ज्या दिवशी हमाल पोते उचलीत नाहीत त्या दिवशी या सतरा जणांना करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

व्यापारी बोली थांबवू शकतो, हमाल पाठ काढून घेऊ शकतो, आणि आवार बंद पडते. शेतकरी मात्र थांबू शकत नाही, कारण त्याचा माल थांबत नाही.

याचा दाखला नाशिक जिल्ह्याने एप्रिल २०२४ मध्ये पाहिला. तेथे कांद्याच्या व्यवहारात हमाली, तोलाई व वाराई शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून कापून घेण्याची वहिवाट होती. या रकमेवर लेव्ही भरावयाची ती व्यापाऱ्याने, असे माथाडींचे म्हणणे. व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की, आता माल भुईकाट्यावर मोजला जातो, मापाड्याने हाताने तोलण्याचे काम उरले नाही, तर त्या तोलाईवर लेव्ही कसली? हा वाद वर्षानुवर्षे भिजत पडला होता. शेवटी व्यापाऱ्यांनी ठरविले की, पट्टीतून हमाली-तोलाई कापणेच बंद करावयाचे. वरवर पाहता यात शेतकऱ्याचा लाभ होता. पण मग मजुरी कोण देणार, हे ठरले नव्हते, म्हणून हमाल-मापाड्यांनी कामास नकार दिला. जिल्ह्यातील समित्यांतील लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. काही ठिकाणी आवाराबाहेर खासगी जागेत लिलाव सुरू झाले.

हे घडले तो काळही ध्यानात घ्यावा. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती, ती मे २०२४ च्या आरंभापर्यंत उठली नाही. भाव आधीच पडलेले. त्याच्या सहा महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, शेकडा ४० निर्यात कराच्या विरोधात याच जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी तेरा दिवस लिलाव बंद ठेवले होते. तो कर अन्यायाचा होता असे आमचेही मत आहे. परंतु त्याविरुद्ध लढण्याचे हत्यार म्हणून आमचा कांदा वापरला गेला आणि आम्हांस कोणी विचारले नाही. लेव्हीच्या वादातही तेच. ज्या पैशावरून भांडण होते तो पट्टीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून निघत होता; तरी वाटाघाटीच्या बैठकांत एका बाजूस व्यापारी, दुसऱ्या बाजूस माथाडी, मध्ये सरकारी अधिकारी, आणि शेतकऱ्यांचे पंधरा प्रतिनिधी बहुधा मध्यस्थीच्या विनवण्या करण्यात.

हे दोन पक्ष सदैव एकमेकांशी भांडतात असे मात्र कोणी समजू नये. आवाराच्या अस्तित्वावरच घाला येतो असे वाटले की ते एकत्र होतात. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा बाजार बंद झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये समित्यांचा अधिकार आवारापुरता मर्यादित करणारे विधेयक आले असता व्यापारी व माथाडी दोघांनी मिळून बंद पुकारला आणि सरकारला ते विधान परिषदेतून मागे घ्यावे लागले. आवाराबाहेर माल गेला तर हमालाची मजुरी बुडते व अडत्याचा धंदाही बुडतो. त्यांनी आपले हित ओळखले, यात दोष देण्याजोगे काही नाही. ती सुधारणा शेतकऱ्यास हिताची होती की नव्हती, याविषयी आमच्या वाचकांतही दुमत असेल. तथापि त्या प्रश्नाचा निकाल शेतकऱ्याच्या मताने लागला नाही, एवढे खरे.

शेतकऱ्यालाही संघटित होता येते, हे १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस व कांदा यांच्या भावासाठी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने रस्ते अडविले तेव्हा दिसून आले. पण ती लढाई सरकारशी, भावाविषयी होती. आवारातील दैनंदिन कारभार, काटा, हमालीचे दर, उपविधी, या रुक्ष गोष्टींकडे त्या उत्साहाचा ओघ फारसा वळला नाही. व्यापाऱ्यांची असोसिएशन व हमालांची युनियन मात्र या रुक्ष गोष्टींवरच बारा महिने बसलेली असते.

२०१७ साली कायद्यात एक बदल झाला होता. किमान १० गुंठे जमीन असलेल्या व मागील पाच वर्षांत किमान तीन वेळा त्या बाजारात माल विकलेल्या शेतकऱ्यास थेट मत मिळाले. २०१८ साली सोलापूरसारख्या समितीची निवडणूक त्या रीतीने झाली. खर्च फार येतो व समित्यांना तो झेपत नाही, ही तक्रार पुढे आली, आणि २०२० साली जुनी पद्धत परत आली. खर्चाची तक्रार खोटी नव्हती. पण लाखभर मतदारांची वही कोणाला घरी ठेवता येत नाही, हे ज्यांना गैरसोयीचे होते त्यांनीही ती तक्रार मोठ्याने केली, असे आम्हांस वाटते.

जुनी पद्धत आहे तोवर काय करता येईल, ते सांगतो. हिशोबपट्टी घेतल्यावर खालची रक्कम पाहण्याआधी कपातीच्या रकाना वाचावा. बाजार फी ही खरेदीदाराने द्यावयाची आहे, ती आपल्या पट्टीत दिसता कामा नये. हमाली-तोलाईचे दर समितीने मंजूर केलेले असतात. ते कार्यालयात मागून पाहावेत व पट्टीशी ताडावेत. तफावत दिसल्यास तोंडी न भांडता सचिवाच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे म्हणणे कोणत्याही कचेरीस सोपे जाते.

आणि निवडणूक जवळ आली म्हणजे मतदारांची प्रारूप यादी प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती घेण्यास थोड्या दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत आपल्या सोसायटीचे कोणते संचालक मतदार आहेत ते पाहून घ्यावे, आणि पुढच्या वार्षिक सभेत त्यांना सर्वांदेखत विचारावे की, हमाली, काटा व लेव्ही या तीन बाबींवर तुम्ही कोणत्या उमेदवाराकडून काय कबूल करून घेतले आहे. त्याचे उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहवून घ्यावे.